न्झामाच्या रानातल्या विटा

कामफुंडा,
ता. १० नोव्हेंबर २०१९

यामिकानी,

आशीर्वाद. तू, तुझी बायको, मुलं खुशाल असाल. इकडे आम्हीही खुशाल आहोत, असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. तू फोन उचलत नाहीस, तेव्हा ही चिठ्ठी लिलाँग्वेच्या मिनीबसवाल्याकडे देते आहे. तुझं वाचून होईपर्यंत तुझ्यासमोरून हलायचं नाही, असं त्याला बजावलंय.

तुझं नवं घर छान झालंय म्हणे. विटा अगदी लालबुंद. असणारच. आई जिथे न्झामाच्या भुईशेंगा पिकवत आली, त्या रानातल्या मातीच्या आहेत त्या.

आमच्या शेतकी संशोधन केंद्रातून सायकलवर घरी येताना मी पाहिलं. कमरेएवढा खड्डा, आणि त्यात वीटवाला काझेम्बे चिखल तुडवतोय. मी ओरडले तर तोच वैतागला. "बाई, मला कशाला बोलता? तुमच्या भावानंच जागा दाखवली. पडीक आहे, खण म्हणाला."

पडीक! आईनं एक हंगाम जमिनीला विसावा दिला होता, शहाण्या. आमच्यापैकी कुणाला विचारलं असतंस तर कळलं असतं. पण बायकांना काय विचारायचं?

त्यानंतर एकदाच तुझा फोन लागला. तेव्हा काय म्हणालास? "ताई, माती ती माती. तुमच्याच केंद्रात जंतूंची पुडी मिळते ना? चोळ बियाण्याला आणि हो मोकळी." वर हसलास.

त्या पुडीत एकाच जातीचे जंतू असतात, तेही सोयाबीनसाठी. न्झामा त्यांना दारात उभं करत नाही. आईच्या रानातल्या एका रोपाच्या मुळावरच्या गाठी मी माझ्या हातानं ठेचून त्यांतले जंतू काचेच्या बशीत वाढवलेत. काही जंतू दोन-तीन दिवसांत चिकट थर धरतात, काही आठवडाभर तोंड दाखवत नाहीत. कुणी कोरड्या वर्षी कामाला येतात, कुणी पाणी साचलं तर. सगळे मिळून हवेतलं नत्र ओढतात आणि चिमूटभर खत न घालता रोप पोसतात. ज्या शेंगा तू दर वर्षी पिशव्या भरभरून नेतोस ना, त्या अशा होतात. हा गोतावळा आजीच्या आजीपासून त्या मातीत जमला होता. त्यातले कित्येक तर माझ्या बशीत वाढायलाही तयार नाहीत. ते फक्त तिथेच होते.

"तुझ्या रानात आहे की तीच माती," असं म्हणशील. नवं रान मोडलं की आईच्या रानातली टोपलीभर माती त्यात मिसळायची ही आपल्या घरातली रीत, आणि मलाही आईनं टोपली दिली होती. पण माझ्या नवऱ्यानं तिथे तंबाखू लावला आणि पोत्यांनी खत ओतलं. आता तिथल्या न्झामाच्या मुळावरची गाठ कापली तर आत गुलाबी रंग दिसत नाही, फिकट हिरवी निघते. ती काम करत नाही, नुसती बसून खाते. अशी माणसंही असतात घराघरात.

आता माझ्या तिओंगेनं नवं रान साफ केलंय. डिसेंबरच्या पावसाआधी तिची टोपली भरायची आहे. खड्डा बघून ती एवढंच म्हणाली, "मामानं असं केलं?" तिच्या लग्नात मामा या नात्यानं तूच न्खोस्वे, मुलीकडचा पालक, म्हणून उभा होतास. कोंबडी हातात धरून सगळ्यांसमोर म्हणालास, या घरातल्या बायकांचा आणि त्यांच्या जमिनीचा रखवाला मी आहे. मला लाज वाटते रे, की तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

आईचं लिहायचं मी टाळत होते. तिला आता काहीच दिसत नाही. खड्ड्याचं तिला अजून माहीत नाही. भट्टी पेटली तेव्हा तिनं मान वर करून वास घेतला. "कुणाची गं भट्टी?" मी म्हटलं, "पलीकडच्या गावची." ती म्हणाली, "आपल्या यामिकानीच्याही घराच्या विटा होऊ देत बाई एकदाच्या." मी उठून बाहेर गेले. नसते गेले तर बोलून बसले असते.

आणि आता तिनं हट्ट धरलाय. "तिओंगेची टोपली मी भरणार. माझ्या हातानं. मला रानात घेऊन चला."

बांधालगत, आंब्याच्या मुळांपाशी, काझेम्बेचं फावडं पोचलं नाही. तिथे टोपलीभर माती उरली आहे. तेवढीच.

तू येत्या शनिवारी ये. टोपली तयार असेल. आईचा हात धरून, खड्ड्याच्या कडेकडेनं, तिला तिथपर्यंत तूच न्यायचंस. पायाखालची वाट वेगळी लागली की ती थांबेल आणि विचारेल. मी घरीच राहणार आहे. तिला उत्तर तू द्यायचंस.

जिचा तू रखवाला होतास ती,
एनिफा