एकहाती मंडळाचा ताबा

मी, ज्योत्सना भोजराज कापगते, वय ६३ वर्षे, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, राहणार साकोली, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र वकिलांकडून लिहवून घेत आहे. याआधी असे काही केलेले नाही.

१. साकोलीतील राहते घर मुलगा भूपेंद्र व सून तृप्ती यांना समान हक्काने मिळावे. कागदावर तृप्तीचे नाव आधी घालावे.

२. दुकान, पेचकस, पाने व सुटे भाग एकट्या तृप्तीचे. मशीन टाके का सोडते, हे या घरात तिनेच विचारले.

३. इंटरनेटवरील 'एकहाती मंडळ' माझ्या मालकीचे नाही, पण ताबा माझ्याकडे आहे. नऊ वर्षांपूर्वी मी व्यापाऱ्यांच्या संघटनेत नाव नोंदवायला गेले. तेव्हाचे अध्यक्ष कैलाश हटवार भर बैठकीत म्हणाले, "बाई, दुकानात तुम्ही एकल्याच. तुमाले संघटना कायले पायजे?" सगळे हसले. बाहेर येऊन मी मोबाइलवर हा गट उघडला, एकट्याने धंदा चालवणाऱ्यांसाठी. आठवडाभर त्यात मीच बोलत होते. मग पवनीच्या तुळसा मारबते यांनी विचारले, "सुकटीच्या पार्सलचा वास कसा थांबवू?" मला उत्तर येत नव्हते. पंधरा जणांना विचारून सांगितले. तोच नियम झाला: कोणाचा प्रश्न तसाच पडू द्यायचा नाही. आज नऊ हजारांवर सभासद आहेत.

तुळसाबाईंचा पाय मोडला तेव्हा त्यांचा धंदा बसला असेच सगळे समजले. मंडळातल्या अकरा अनोळखी माणसांनी पाळीपाळीने दोन महिने त्यांची पार्सले भरली. एकही गिऱ्हाईक तुटले नाही.

४. गेल्या वर्षी एका कंपनीने मंडळ विकत मागितले. भूपेंद्र म्हणाला, "आई, देऊन टाक. तुले काय भेटते याच्यातून?"

मी म्हणाले, "तुळसाले अकरा मानसं भेटली. तुले दिसलं नाही का बाबू?"

म्हणून मंडळाचा ताबा पासवर्डसह तुळसाबाईंकडे जावा. त्यांनी ते विकू नये. त्यांच्यानंतरचा चालक सभासदांनी निवडावा.

५. कैलाशभाऊंवर माझा राग होता. त्यांचा मुलगा पुण्याला गेला, दुकानात ते एकटे उरले आणि पोळ्याच्या सुमारास मंडळात प्रश्न घेऊन आले. पहिले उत्तर मी दिले. राग तिथेच संपला, तो कोणाच्या वाट्याला ठेवलेला नाही.

६. उद्या भंडाऱ्यात मंडळाचे पहिले संमेलन आहे. वकीलसाहेब म्हणतात, हे मृत्युपत्रात कशाला? मी म्हटले, लिहा. सहाशे माणसे येत आहेत, मी मंचावर बसणार आहे, आणि माझे पुढे काहीही होवो, हे झालेले राहील.

वरील मजकूर वाचून, समजून घेऊन सही केली.

(सही) ज्योत्सना भोजराज कापगते
साकोली, दि. १० जानेवारी २०२६

बाईंनी आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार:
१. (सही) इश्वर लांजेवार, सेवानिवृत्त शिक्षक, साकोली
२. (सही) शकुन मेश्राम, परिचारिका, साकोली