उडी आधी, आवाज नंतर

४ फेब्रुवारी

सापडला! बेडकांचा गेम सापडला! दुपारी दादाचा मेसेज — ‘चिमणे, हे बघ’ — आणि खाली लिंक. मी स्टुडिओत होते, डबिंगच्या मधल्या सुट्टीत. किंचाळलेच. रेकॉर्डिस्टकाकांना वाटलं, चहा सांडला अंगावर.

दोन बेडूक, एक बुरूज आणि सगळ्यात वर बसलेला बगळा. लहानपणी दादा आणि मी या गेमपायी किती बोलणी खाल्ली! बगळ्यापर्यंत मात्र कधी पोचलो नाही. आता म्हणे त्यासाठी गेमचं मशीन लागतच नाही. गेम कंपनीच्या कुठल्यातरी मोठ्या कॉम्प्युटरवर चालतो, आपल्या टीव्हीवर नुसतं चित्र येतं. महिन्याची वर्गणी भरा आणि खेळा. भरली!

५ फेब्रुवारी

चालतो! मी पिवळा बेडूक, हिरवा दादाचा. बोलायला शेजारी फोन, स्पीकरवर. दादा खळखळून हसला. केवढ्या दिवसांनी!

८ फेब्रुवारी

आज नवऱ्यानं खोड काढलीच. ‘चित्र अडकतंय बघ. बटण दाबल्यावर बेडूक विचार करून उडी मारतो.’ खरं आहे ते. माझं बटण कंपनीकडे जाणार, तिथे बेडूक उडी मारणार, मग ते चित्र माझ्याकडे परत येणार. डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं सगळं, पण बेडकाला तेवढा वेळही खड्ड्यात पडायला पुरतो. आता मी खड्डा यायच्या जरा आधीच बटण दाबते. जमायला लागलंय!

आणि फायदे? नवं मशीन घ्यायला नको, ठेवायला जागा नको, धूळ पुसायला नको. दादाकडे तर साधा टॅब आहे, त्यावरही चालतो. शिवाय कुणी भंगारात देऊ शकत नाही!

हे वहिनीला उद्देशून. असू दे, माझी वही आहे. दोन वर्षांपूर्वी घर बदलताना आमचं जुनं मशीन तिनं भंगारवाल्याला देऊन टाकलं. मला एका शब्दानं विचारलं नाही. मी वाट्टेल ते बोलले, तीही गप्प बसली नाही. तेव्हापासून आमचा अबोला. त्यात दादाचं झालं सँडविच. फोन केला की ‘बरंय’, ‘चाललंय’, ‘ठेवू?’ सख्खा भाऊ, आणि पाहुण्यासारखा बोलायचा! आता रोज संध्याकाळी आरडाओरडा करतो. मला तो तसा हवाय. त्यापुढे बेडूक अडकला तर अडकू दे.

११ फेब्रुवारी

नवऱ्याचा नवा मुद्दा : ‘हा गेम तुझा नाही. भाड्याचा आहे. मालक म्हणाला खाली करा, की केलं.’

मी म्हटलं, ‘आणि स्वतःचं होतं त्याचं काय झालं?’

त्यानं पेपर तोंडासमोर धरला! मला फार बरं वाटलं. मग मात्र स्वयंपाक करताना त्याचा मुद्दा डोक्यातून जाईना.

१३ फेब्रुवारी

आज स्टुडिओत फजिती. पोलीस बाईचा आवाज देतेय सध्या. दहा वेळा केलेलं काम, तरी आज एक वाक्य ओठांवर बसेना. काका काचेपलीकडून म्हणाले, ‘अगं, बाईनं तोंड उघडलं नाही अजून, तू कुठं निघालीस?’ पुन्हा घेतलं. पुन्हा तेच!

मग ट्यूब पेटली. बेडूक! रोज संध्याकाळी खड्ड्याआधी बटण दाबून दाबून मी सगळंच आधी करायला लागलेय. काकांना सांगितलं, तर पोट धरून हसले. ‘तोटा नंबर एक लिहून ठेव,’ म्हणाले. लिहिला.

१७ फेब्रुवारी

नवरा जिंकला. गेमच्या चित्रावर लाल पट्टी आलीय — २८ तारखेला संध्याकाळी सहा वाजता गेम यादीतून जाणार. कारण काही नाही. निघाला! तोटा नंबर दोन.

आणि आम्ही अजून बुरुजाच्या अर्ध्यावर. नवऱ्याला सांगितलं तर तो ‘मी म्हटलंच होतं’ म्हणेल. नाही सांगत.

दादा म्हणाला, ‘मग रोज खेळायचं, बगळ्याला सोडायचं नाही!’ हो! हो! हो!

१९ फेब्रुवारी

नवऱ्यानं ऑफिसची मीटिंग लावली आणि माझ्या बेडकाचे चौकोन झाले. घरात नेट एक आणि माणसं दोन. तोटा नंबर तीन.

२२ फेब्रुवारी

घड्याळाचा मजला पार! लहानपणी इथेच तर आमचं घोडं अडायचं. हिरव्यानं एकेक किल्ली गोळा केली, कोपऱ्यातल्यासुद्धा. मी पडले की कडेला थांबून राहतो. दादा लहानपणी मला टाकून पुढे पळायचा आणि वरून ओरडायचा, ‘ये ना, ढब्बे!’ माणूस सुधारतो म्हणायचा.

एक गंमत मात्र कळत नाही. दादा ‘उडी!’ म्हणतो ते हिरव्यानं उडी मारल्यावर. खेळणारा माणूस आधी ओरडतो, मीच बघा ना. शिवाय चित्र सगळीकडे फिरून येतं आणि फोन सरळ येतो. आवाज उलट आधी यायला हवा. इथे आधी उडी, मग आवाज. अगदी डबिंगसारखं — हालचाल एकाची, आवाज दुसऱ्याचा.

नेटचीच भानगड असणार.

२६ फेब्रुवारी

नेटची भानगड नाही!

आज झोपाळ्याचा मजला. एकानं आधी उडी मारून झोपाळा पकडायचा आणि दुसऱ्यासाठी थांबायचं, नाहीतर दोघंही खाली. ऐन मोक्याला दादाच्या दारावरची बेल वाजली. ‘आलो आलो!’ म्हणत गेला. दार उघडल्याचा आवाज, कुरियरवाल्याशी बोलणं, ‘पेन आहे का हो तुमच्याकडे?’ सगळं ऐकू येतंय. मी म्हटलं, गेला आपला झोपाळा.

आणि हिरव्यानं उडी मारली. झोपाळा पकडला. वर थांबला, माझ्यासाठी.

दादा दारात. त्या घरात दादा सोडला तर एकच माणूस राहतं.

मीही उडी मारली आणि खेळत राहिले. बावीस दिवस जिच्याबरोबर मी हसतेय, जिला ‘शाब्बास रे!’ म्हणतेय, ती —

२७ फेब्रुवारी

राग येतो का बघितलं. सकाळी आणायचा प्रयत्न केला, दुपारीही केला. येत नाही! उलट सारखं हसूच येतंय. दादा शेजारी बसून ओरडायचं काम करतोय, माझ्याच धंद्यातलं काम, तेही इतकं वाईट!

नवऱ्याला सगळं सांगितलं, लाल पट्टीचंही. मी म्हटलंच होतं, असं तो म्हणाला नाही. म्हणाला, ‘उद्या माझी मीटिंग असली तरी नेट तुला.’

संध्याकाळी खेळलो. मी नेहमीसारखंच ‘दादा, दादा’ केलं. शेवटचं दार उघडलं. उद्या बगळा!

२८ फेब्रुवारी

बगळा समोर. सहाला थोडाच वेळ बाकी. त्यानं चोच उगारली आणि माझ्या तोंडून निघून गेलं — ‘वहिनी, आता!’

हिरवा जागच्या जागी थांबला. दादाचा आवाज बंद. मग हिरव्यानं उडी मारली, पडदा निळा झाला आणि गेम गेला. बगळा राहिला तो राहिलाच.

फोनवर खुडबुड ऐकू आली. मग वहिनी म्हणाली, ‘चिमू, मशीन तर परत आणता येईना. म्हणून हा शोधला मी.’

हे एका हातानं लिहितेय. दुसऱ्या हातात फोन आहे. अजून चालू आहे.