दादाची बेचाळीस अंडी

मु. अष्टमी, ता. रोहा
मंगळवार, ३ डिसेंबर १९९६

ती. काळुरामदादास,
साष्टांग नमस्कार.

आज पहिली पाळी होती. तीनला सुटलो, धाटावच्या कंपनीतून बसने घरी आलो, अंडी फिरवली, चहा केला. तू रघूच्या हाती रविवारी पाठवलेली टोपली नीट पोचली. भाताच्या तुसात बेचाळीस अंडी, एकही तडकलेलं नाही. त्याच दुपारी उबवणीच्या पेटीत मांडली. म्हणजे पिल्लं बावीस तारखेला, रविवारी निघायला हवीत.

मरीच्या साथीत तुझ्या सगळ्या कोंबड्या गेल्या, बाबांच्या वेळची जात आता या अंड्यांतच उरली, असं तू चिठ्ठीत लिहिलंस. आणि पुढे लिहिलंस, "अनिताची पेटी नाहीतरी रिकामीच असेल." हो, रिकामीच होती.

पेटी तीच, प्लायवूडची. आत चाळीसचे दोन बल्ब, खाली पाण्याची वाटी. पारा अंड्यांच्या माथ्याशी एकशे दोनला ठेवतो. खाली उतरला की एक भोक चिंधीने बुजवतो, चढला की चिंधी काढतो. लाइट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवून वर गोधडी घालतो. अनिता थर्मामीटर मानायची नाही. अंडं पापणीला लावून बघायची. मी हसलो की म्हणायची, "कंपनीत सायबाच्या बॉयलरला आठ तास जागता, नि घरच्या अंड्याला घोरता व्हय?"

मला पापणीवरून काही कळत नाही. मला आकडा लागतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
जगन


अष्टमी, रोहा
मंगळवार, १० डिसेंबर १९९६

ती. दादास,
सा. नमस्कार.

आज सुट्टी. कपडे धुतले, रेशन आणलं. काल अंडी बॅटरीवर धरून पाहिली. सहा कोरी निघाली, ती काढून टाकली. छत्तीस धरली आहेत. आत लाल शिरा आणि मध्ये एक काळा ठिपका, हलणारा. पारा एकशे दोन. तुला बरं वाटेल म्हणून हे आधी लिहिलं.

आता मला एक विचारायचं आहे. समोर बसून मला ते जमणार नाही, म्हणून लिहितो.

दरवर्षीप्रमाणे अनिता यंदाही पेणला तुझ्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायला आली होती. अकरा सप्टेंबरला तू कंपनीच्या गेटवर फोन केलास. तिला ताप आहे म्हणालास. मी विचारलं, किती? तू म्हणालास, "नव्व्याण्णव रं. कणकण हाय नुसती. गोळी दिलीय. शिफ्ट सोडून येऊ नको, मी हाय ना." तेराला मी फोन केला. तेव्हाही नव्व्याण्णव. चौदाला मनाला राहवलं नाही म्हणून आलो, तर तिने मला ओळखलं नाही. डोळे पिवळे झाले होते. पंधराला गेली. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "तीन दिवस कुठे होतात तुम्ही?" मी म्हटलं, "कामावर."

तेराव्याच्या दिवशी वहिनी मला काही बोलल्या. त्यांच्यावर रागावू नकोस, मी खोदून विचारलं म्हणून बोलल्या. काय ते मी इथे लिहीत नाही. मला ते तुझ्याकडून हवं आहे. अकरा तारखेला तिला ताप किती होता? एकच आकडा लिही.

खरा लिहिलास तर ही अंडी मी तिच्यासारखी सांभाळीन आणि हा विषय परत काढणार नाही. नाही लिहिलास तर मी काय करीन ते मला सांगता येत नाही. छत्तीस अंडी माझ्या घरात आहेत एवढं लक्षात ठेव.

जगन


अष्टमी, रोहा
बुधवार, १८ डिसेंबर १९९६

दादा,

आज दुसरी पाळी आहे. सकाळी परसात खड्डा खणला, अंडी पुरली, हात धुतले आणि लिहायला बसलो.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. "आकडा कोणाच्या लक्षात राहतो? नव्व्याण्णवच असेल. देवाने नेलं, तिथे आपलं काय चालतं? रविवारी पिल्लं न्यायला दोन टोपल्या घेऊन येतो." दोनदा वाचलं. मग घडी घालून ठेवलं.

वहिनी काय म्हणाल्या ते आता लिहितो. त्यांचेच शब्द. "भावोजी, काखेत थर्मामीटर मीच लावला व्हता. एकशे चार. मी यांना म्हटलं, डाक्टरला बोलवा, भावोजींना बोलवा. यांनी माझ्या हातातून घेतला नि झटकून पारा उतरवला. म्हणाले, अगो, सतरा मूर्तींचे डोळे राहिलेत. गिऱ्हाईक परवा येतंय. त्याला काय आंधळे गणपती देऊ?"

एकशे चार तापात तिने सतरा मूर्तींचे डोळे आखले. तू समोर उभा राहून आखून घेतलेस. आणि गेटवर फोन करून मला नव्व्याण्णव सांगितलंस.

रविवारी सकाळी मी बटण बंद केलं. बाबांची आठवण झाली नाही असं नाही. मांडीवर कोंबडी घेऊन ते पडवीत बसायचे ते डोळ्यांपुढे आलं. बटणावर हात ठेवून बराच वेळ उभा होतो. मग तुझं पत्र परत उघडून वाचलं.

सोमवारी तू कंपनीच्या गेटवर फोन केलास.

"जगन, किती हाय रं?"

"एकशे दोन."

"शाब्बास! बाबांची जात तुझ्या हातात हाय बघ. अनितापरीस तूच हुशार निघालास."

तेव्हा पेटीत पंचाहत्तर होतं. मी कामावर निघताना बघून आलो होतो. फोन ठेवला आणि मला कळलं, हे किती सोपं आहे. जीभ अडखळत नाही, घाम येत नाही. लांबच्या माणसाला आकडा सांगायचा, की तो निर्धास्त आपल्या कामाला लागतो. मी तसाच लागलो होतो. या सोमवारी, तुझ्या फोननंतर, मी पोटभर जेवलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

आज पुरण्याआधी एक फोडून पाहिलं. पिल्लू बरंच झालं होतं. ओली लव, चोच, नखं. मला वाईट वाटलं, पण तुझ्यासाठी नाही.

शेजारच्या काशीबाई कुंपणावरून बघत होत्या. "काय रं जगन, सोनं पुरतोस काय?"

मी म्हटलं, "अंडी. गेली."

"सगली? अनिताच्या पेटीत?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तिच्या पेटीत असं कधी झालं नाय रं."

मी फावडं ठेवलं. ही छत्तीस तिच्या नावावर जायला नकोत. म्हणून सांगितलं, "पेटीला दोष नाही. बटण मी बंद केलं. मुद्दाम केलं." त्या पदर खोचून आत गेल्या. संध्याकाळपर्यंत आळीभर होईल. होऊ दे. मी केलं आणि मी सांगितलं. तुला एवढंसुद्धा जमलं नाही.

रविवारी टोपल्या आणू नकोस. नुसता यायचं असेल तर ये. घरात घेणार नाही. दारात उभा करून तेच विचारीन, आणि तू सांगेपर्यंत विचारत राहीन. या वर्षी नाही तर पुढच्या. भादव्यात कारखान्यात येऊन गिऱ्हाइकांसमोर विचारीन. वहिनींना त्रास दिलास असं कानावर आलं, तर त्याआधीच येईन.

नळाला पाणी आलं आहे. हंडा भरून घेतो.

जगन