मामांचा पूल

तुर्दुबेक मामांना,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. नव्या पुलाच्या टेंडरमधून तुम्हाला बाद केलं ते माझ्याच सहीने. त्याच संध्याकाळी तुम्ही घरी आलात, बोरसोक चहात बुडवून खाल्लेत आणि निघून गेलात. रागावला असतात तर बरं झालं असतं.

‘मागच्या पाच वर्षांत एक तरी पूल बांधलेला हवा,’ अशी अट होती. तुम्ही एकतीस वर्षांपूर्वी बांधलेल्या पुलाचा फोटो जोडलात. त्यात कठड्यावर बसलेली चिमुरडी मीच. “हा काय पुरावा झाला, बाई?” म्हणत कमिटी हसली. मीही हसले.

हल्ली सकाळी नारीन नदीवर दाट धुकं असतं, मामा. तुमचा पूल दिसतच नाही. ढगांतून चालल्यासारखी मी पलीकडे ऑफिसात पोचते.

आज टेंडर मिळालेला कंत्राटदार आला होता. त्याचे सगळे कागद चोख.

“क्रेन पलीकडे न्यायचीय,” तो म्हणाला. “जुना पूल एवढं वजन पेलेल ना?”

फाईल न उघडताच मी म्हटलं, “पेलेल.”

तुमची भाची,
सापारगुल