छत धाकट्याकडे

३ मार्च
उजवा हात खांद्याच्या वर गेला की कळ. आज शाळेच्या हॉलचं छत रंगवायला घेतलं. रोलर वर नेला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. धाकट्या भावाला म्हणालो, छत तू घे, तुझा हात बसायला हवा. त्याचा हात बसून वीस वर्षं झाली! तरी मुकाट्याने शिडी चढला. मी खाली खिडक्या रंगवत बसलो.

५ मार्च
डॉक्टर म्हणाले, हात वर केला की खांद्यातला स्नायू हाडाखाली चिमटतो. आजूबाजूचे स्नायू बळकट केले की त्याला जागा मिळेल. सहा आठवडे तरी लागतील. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक रबरी पट्टा दिला. एक टोक दाराच्या कडीला बांधायचं. कोपर कुशीला चिकटलेलं, मध्ये टॉवेलची घडी, आणि हात हळूहळू बाहेर न्यायचा. दहादा, असं तीन वेळा. मग भिंतीला हात टेकून जोर.
तीस वर्षं रंगाचे डबे वाहिले, आता रबर ताणत बसू? बायकोला बजावलं — धाकट्याला यातलं काही कळता कामा नये.

९ मार्च
दोन दिवस केलं. मग नाही.

१२ मार्च
बाईंनी विचारलं, रोज करता ना? हो म्हणालो. मग करून दाखवा, म्हणाल्या. पट्टा ओढला तर कोपर हातभर लांब, टॉवेल जमिनीवर. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. टॉवेल उचलून पुन्हा कुशीत ठेवला आणि पहिल्यापासून शिकवलं. माझे कान तापले.

१३ मार्च
धाकटा आला नाही. त्याच्या मुलीला ताप. छताचा एक कोपरा राहिला होता, तो मी डाव्या हाताने उरकला. कसाबसा.

१४ मार्च
लिहायलाही लाज वाटते. मुख्याध्यापिका हॉल बघायला आल्या. कोपऱ्यात रंगाचे पट्टे उठलेले. "हे कोणाचं काम?"
मी धाकट्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही — म्हणालो, "याला कितीदा सांगितलं, घाई करू नकोस."
तो म्हणाला, "पुन्हा मारून देतो, बाई."
घरी येऊन पट्टा कडीला बांधला. दहादा, तीन वेळा. दुखलं ते खांद्यात नव्हे.

२ एप्रिल
एक दिवस चुकवलेला नाही. आज दोरीवर कपडे वाळत घातले, कळ आली नाही. धाकट्याकडे मात्र अजून सरळ बघवत नाही.

२६ एप्रिल
बाईंनी हळूहळू वरचं काम सुरू करायला सांगितलं. नव्या कामावर अर्धं छत मी मारलं. उतरल्यावर धाकट्याला सगळं सांगून टाकलं. खांदा, पट्टा, तो कोपरा.
रोलर धूत राहिला. मग म्हणाला, "तुझा डावा हात मी ओळखत नाही का, दादा? वहिनीने तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."
मी विचारलं, मग मुख्याध्यापिकांना खरं का नाही सांगितलंस?
"तुझं दुखत होतं ना."