बंधुराजांचं कोल्हेपण

ती. ताईंना,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर सध्या साष्टांगाला तयार नाही). तुमचा खोकला गेला असेल आणि भाऊजी पथ्य पाळून चोरून गोड खात असतील, असं धरून चालते. पत्रास कारण असं काही नाही. इकडे सगळं ठीक आहे. तुमचे बंधुराज कोल्हा झालेत, एवढंच.

म्हणजे पूर्णवेळ नाही, दुकान बंद असतं त्या दिवशी. आयुष्यभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवले आणि आता म्हणतात, डोळे फसवे, खरं काय ते नाक. हे खूळ शेजारच्या जनावरांच्या डॉक्टरांनी भरवलं. माणसाला जग माणसाच्याच उंचीवरून दिसतं, जनावर होऊन पाहिल्याशिवाय ते कळायचं नाही, असं त्यांचं मत. ते स्वतः पाणमांजर झालेत, कारण त्यांच्याकडे आंघोळीचा टब आहे. आमच्याकडे परसबाग, म्हणून कोल्हा. डोळ्यांना टॉवेल बांधून हे भोपळ्याच्या वेलांतून रांगत हुंगत फिरतात. (चाल रानडुकराची वाटते, असं मी एकदा म्हटलं, तर दुपारभर अबोला. कोल्हे रुसतात हे मला ठाऊक नव्हतं.) जिन्याखाली बीळ केलंय, त्यात गादी मीच घातली, कारण पाठ अजून माणसाचीच आहे. एकदा गांडूळ तोंडात धरलं आणि माझ्याकडे मीठ मागितलं. मी म्हटलं, जंगलात मागा. हद्द आखायची म्हणून माझ्या गुलाबांना जे घातलं, ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. गुलाब गेले.

इथवर मी हसण्यावारी नेलं. पण गेल्या रविवारी डॉक्टर (अंग पुसून) परीक्षा घ्यायला आले. यांचे डोळे बांधून धुवायच्या टोपलीतला एकेक कपडा नाकापुढे धरायचा आणि यांनी तो कुणाचा ते सांगायचं. लेकीचा मोजा ओळखला, त्यात काही विशेष नाही, तो रस्त्यावरच्या माणसानेही ओळखला असता. डॉक्टरांनी मध्येच खिशातून काढलेला स्वतःचा हातरुमाल ओळखला. तुम्ही मागच्या खेपेला विसरून गेलेला स्कार्फ तर लांबूनच ओळखला आणि तुमची आठवण येऊन थोडे गहिवरलेसुद्धा. मग आला माझा स्वेटर. सबंध थंडीभर माझ्या अंगावरून न उतरलेला. हे बराच वेळ हुंगत राहिले, उलटा करून हुंगला, बाही हुंगली आणि म्हणाले, “याला काहीच वास नाही. नवा आणलाय का?”

डॉक्टर उगाच खोकले. लेक पाणी आणते म्हणून आत गेली, ती आलीच नाही. मग डॉक्टरांनी सावरून घेतलं, की ज्या वासात आपण रात्रंदिवस राहतो तो नाकाला जाणवेनासा होतो, कोल्ह्याला स्वतःच्या बिळाचा वास थोडाच येतो. हे तर खूशच झाले आणि जेवताना तेच शास्त्र मला पुन्हा समजावत बसले. शास्त्र बरोबर असेल. पण ताई, मला फार लागलं. कांद्याचा वास येतो म्हणाले असते तरी चाललं असतं. इतकी वर्षं नाकासमोर वावरून मी यांचं बीळ झाले.

बाकी क्षेम. आमची काळजी नसावी.

तुमची भावजय
(अजून दोन पायांवर)

ता. क. : शुक्रवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे राहायला येतेय. चालेल ना? कुठे जातेय ते यांना सांगणार नाही. माझ्यावाचून घराला कसला वास येतो, ते एकदा कळू दे.

पुन्हा ता. क. : हे शोधत आलेच, तर लगेच दार उघडू नका. कसं शोधलंत, ते आधी विचारा. तुमचा पत्ता यांना पाठ आहे, आणि तुमच्याखेरीज मी जाणार तरी कुठे, हे शेंबडं पोरही सांगेल. तरीही वासावरून आलो असं म्हणाले, तर खोटं म्हणून हटकू नका. मला हाक मारा.