सिरिंजमधलं औषध आणि यंत्रावरचा आकडा

१३ नोव्हेंबर

नूमान आला. फ्रान्समधून, ल्योंहून, तीन वर्षांनी! पित्ताशयातला पू आईच्या रक्तात गेला तेव्हा इथे सफाक्समध्ये मी होते. अँब्युलन्समध्येही मीच. पण दारात त्याला पाहून बेया मावशी म्हणाली, "आता मोठा मुलगा आलाय, आता ती उठेल."

मी काय, बकऱ्यांची डॉक्टर.

१४ नोव्हेंबर

आईचा रक्तदाब औषधावर टिकून आहे. सिरिंज पंपात लावलेली, थेंबाथेंबानं आत जातं. पन्नास मिलिलिटरमध्ये आठ मिलिग्रॅम, तासाला बारा मिलिलिटर. म्हणजे तासाला जवळजवळ दोन मिलिग्रॅम. आईचं वजन चौसष्ट किलो. हिशेब मनातच झाला. मेंढीला एवढं लागलं असतं तर मालकाला मी काय सांगितलं असतं, ते इथे लिहीत नाही.

अतिदक्षता विभागात एका दिवशी एकालाच आत सोडतात, दुपारी. मी आणि नूमान आलटून पालटून जातो.

१५ नोव्हेंबर

नूमान आतून धावतच आला. "बारा होते, आज सहा! निम्म्यावर आलं!" मावशीनं तिथेच हुंदका दिला. अर्ध्या तासात तो बकलावा मिठाईचा डबा घेऊन हजर. नर्सना वाटला, शेजारच्या रुग्णाच्या बायकोला वाटला. मला पुढे केला तेव्हा म्हणाला, "घे की! चेहरा कसला केलायस?"

मला तो सहा पटेना.

१६ नोव्हेंबर

आत गेले ती थेट सिरिंजकडे. चिठ्ठीवर सोळा मिलिग्रॅम. आठ नाही, सोळा! अंगात पाणी कमी जावं म्हणून औषध दुप्पट घट्ट केलंय आणि वेग निम्मा. आई होती तिथेच आहे.

बाहेर येऊन सांगितलं. नूमान भडकला. "मी आल्यापासून ती सुधारतेय, हे तुला बघवत नाही!" मावशी म्हणाली, "रौदा, गप्प बैस गं, असं अभद्र बोलू नये."

मी गप्प बसले नाही. डॉक्टर शाकिर यांना व्हरांड्यातच अडवलं, दोघांसमोर विचारलं. ते म्हणाले, "बरोबर आहे बाईंचं. डोस तोच आहे."

नूमान भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. आणि मला बरं वाटलं. आई आत तशी पडलेली, आणि मला बरं वाटलं!

१७ नोव्हेंबर

नूमानची पाळी. बाहेर आला तो घाबरलेलाच. "तीन झालेत गं. आता तीन म्हणजे काय?" डॉक्टर शाकिर ऑपरेशनमध्ये होते.

मी म्हटलं, "पुन्हा घट्ट केलं असेल. नाचू नकोस."

तो नाचणार नव्हताच. म्हणाला, "मला तिला जाताना बघवणार नाही, रौदा. तू खंबीर आहेस." मी म्हटलं, "हो ना. मला तर सवयच आहे." संध्याकाळच्या गाडीनं तो ट्युनिसला गेला, उद्या पहाटेचं विमान पकडायला. मावशी त्याच्या गळ्यात पडून रडली. मी टॅक्सीसुद्धा बघून दिली नाही.

गेला एकदाचा.

१८ नोव्हेंबर

चिठ्ठीवर सोळाच आहे.

तीनदा वाचली. सोळा मिलिग्रॅम, तासाला तीन. घट्ट केलेलं नाही. डोस खरोखर निम्मा झालाय, कालपासूनच! डॉक्टर शाकिर म्हणाले, "काल तुमच्या भावाला भेटायला आलो, तर तुम्ही सगळे निघून गेला होतात."

नूमानला मेसेज लिहिला. पाठवला नाही. आणखी एक दिवस बघू, पुन्हा वर गेलं तर? असं स्वतःला सांगितलं.

२० नोव्हेंबर

पंप बंद. दुपारी घशातली नळी काढली. आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नूमान कुठाय?"

माझा हात हातात होता तिच्या.

फोन केला. उचलत नाही. मावशीचाही नाही. वाईट बातमीला घाबरून बसलाय. या वेळी मेसेज पाठवला. उघडलेला दिसत नाही.

२१ नोव्हेंबर

त्याचाच फोन आला. आधी विचारलं, "दफन कधी केलंत?"

मी म्हटलं, "आई दही खातेय. चमचा स्वतः धरून." तो रडला, हसला, पुन्हा रडला. चिठ्ठी न बघताच मी बोलले होते, तेही सांगितलं.

मग अगदी हळू, "रौदा, मुद्दाम सांगितलं होतंस का गं?"

नाही म्हटलं मी. पण लगेच म्हणता आलं नाही.